‘सध्या काय वाचतेयस?’ याचं उत्तर कसं द्यावं

हा प्रश्न आला की बहुतेक जण पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि ‘मस्त आहे, वाचच’ एवढं सांगून मोकळे होतात. ऐकणारा मान डोलावतो आणि विसरून जातो. त्याचा काय दोष? त्याच्याकडे आधीच न वाचलेल्या पुस्तकांची चळत पडलेली असते. ती बाजूला सारून तुमचं पुस्तक का उचलावं, एवढंच त्याला ठरवायचं असतं. ते ठरवायला मदत होईल तेवढं बोलायचं.

याची तयारी वाचतानाच होते. मी पुस्तकात खूण म्हणून एक पाठकोरा कागद ठेवते. जिथे थबकायला झालं तिथला पान क्रमांक आणि पुढे दोन-तीन शब्द: ‘१४२, सासू हसते’, ‘८७, कंटाळा’. बस. पूर्ण वाक्यं लिहायला गेलं की वाचन राहतं बाजूला आणि वहीच सजते. पुस्तक संपलं की त्याच दिवशी, कुणाचंही परीक्षण वाचायच्या आधी, चार ओळी खरडून टाकायच्या. दुसऱ्याचं मत एकदा डोक्यात शिरलं की त्यातलं आपलं किती, हे नंतर सांगता येत नाही.

आता कथानकाचं. सुरुवातीची परिस्थिती सांगावी आणि तिथेच थांबावं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’बद्दल (१९५५) ‘ग्रामीण जीवनाचं प्रभावी चित्रण’ म्हटलं की ऐकणाऱ्याला परीक्षेतला दहा मार्कांचा प्रश्न आठवतो. त्याऐवजी ‘एक कोवळा पोरगा मास्तर म्हणून धनगरांच्या वस्तीवर येतो आणि त्याला आधी शाळेत मुलंच गोळा करावी लागतात’ म्हणून बघा. समोरचा विचारतो, ‘मग?’ हा ‘मग?’ आला की आपण गप्प बसायचं. फार अवघड असतं ते, मला माहीत आहे.

काही पुस्तकांच्या बाबतीत कुठून सुरुवात करावी हे सांगणंच जास्त उपयोगाचं. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ (१९६७) महाभारतावर आहे म्हटल्यावर काही जण लांबूनच हात जोडतात. त्यांना मी सांगते, सलग वाचायची सक्ती नाही. गांधारी, कुंती, द्रौपदी अशी एकेका व्यक्तीवर प्रकरणं आहेत. जिचा तुला राग येतो तिच्यापासून सुरू कर. लेखिका मानववंशशास्त्रज्ञ होत्या, त्यामुळे ही सगळी माणसं म्हणूनच समोर येतात, देव्हाऱ्यातली म्हणून नाही. भाविक मित्राला मात्र हे आधीच सांगून ठेवावं, नंतर वाद नकोत.

विशेषणं जमेल तितकी टाळा. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘खिळवून ठेवणारं’ हे शब्द इतके वापरून झालेत की ते कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. वाचताना तुमचं काय झालं ते सांगा. ‘मधली पन्नासेक पानं मी नुसती चाळली, पण शेवटचं प्रकरण लगेच दुसऱ्यांदा वाचलं’ या एका वाक्यात कौतुकही आलं आणि तक्रारही. अर्धवट सोडलेली पुस्तकंही सांगावीत, कितव्या पानावर आणि कशामुळे सोडलं त्यासकट. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अगं, त्याच्या पुढेच तर खरी गंमत आहे.’ मग ते पुस्तक पुन्हा उघडायचं की नाही ते बघता येतं.

एखादा उतारा वाचून दाखवायचा असेल तर पहिलं पान नको, ते कुणीही स्वतः उघडून बघू शकतं. मधला असा तुकडा निवडावा की ज्याला मागचा-पुढचा खुलासा लागत नाही. ‘आता हा रघू म्हणजे तिच्या आत्याचा मुलगा, बरं का’ असं सांगायची वेळ आली की उतारा चुकला समजावं. मोठ्याने एक पान वाचायला साधारण दोन मिनिटं लागतात. त्यापुढे लोकांचे डोळे इकडेतिकडे जायला लागतात. घरी एकदा मोठ्याने वाचून बघावं. लांबलचक वाक्यात श्वास कुठे घ्यायचा ते तेव्हाच कळतं, आणि संवाद असेल तर कोण बोलतंय हे नुसतं ऐकून समजतंय का तेही.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आणि मूळ भाषा सांगितलीच पाहिजे, कारण आपण वाचलेली वाक्यं त्याची असतात. जुनं पुस्तक असेल तर आवृत्ती बघून घ्यावी. संक्षिप्त आवृत्ती आणि मूळ पुस्तक वाचलेले दोघे तावातावाने भांडतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. ऐकून ‘वाचलेलं’ पुस्तक असेल तर वाचणाऱ्याच्या आवाजाबद्दलही बोलावं. चांगला मजकूर कंटाळवाण्या आवाजात ऐकणं ही शिक्षाच.

ऐकणाऱ्यांसाठीही एक सूचना. कुणी पुस्तकाबद्दल सांगत असताना ‘हो हो, मी वाचलंय, शेवटी तो मरतो ना’ म्हणणाऱ्यांना पुढच्या वेळी बोलावू नये. वाचलेलं असेल तरी विचारावं, ‘तू आता कुठे आहेस?’ आणि तिथपर्यंतचंच बोलावं.

नीट सांगितलं की पुस्तक मागितलं जाणारच. द्यावं, पण आतल्या पानावर पेन्सिलीने आपलं नाव घालून, आणि कुणाला कधी दिलं ते वहीत टिपून. महिन्याभराने ‘वाचलंस का?’ असं विचारू नये, समोरचा ओशाळतो. ‘कितव्या पानावर आहेस?’ असं विचारावं. आकडा सांगितला तर गप्पा तिथूनच सुरू होतात. ‘अजून हातात नाही घेतलं’ म्हणाला, तर पुस्तक परत मागायला निमित्त मिळतं.