इंजिन सुटलं तर आधी हवा तोडा

आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स करून मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात लागलो, ती १९९६ सालची गोष्ट. पहिल्याच महिन्यात एका जुन्या डिझेल जीपचं सर्व्हिसिंग माझ्याकडे आलं. तिला ऑइल-बाथचा एअर फिल्टर होता. खाली ऑइलची वाटी, वर जाळी; हवा ऑइलला घासून आत जाते आणि धूळ वाटीत बसते. वाटीला लेव्हलची खूण असते. मी खुणेच्या वर दोन बोटं ऑइल ओतलं. जास्त ऑइल म्हणजे हवा जास्त स्वच्छ, असं मला मनापासून वाटलं होतं.

सेल्फ मारला. स्लोवर इंजिन नीट चाललं. थोडी रेस दिली आणि पाय काढला, तर रेस उतरेचना. चढतच गेली; इंजिन सुटलं म्हणतात ते हेच. सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर, फरशीवरचे पाने थरथरत सरकायला लागले. मी चावी बंद केली, डिझेल तोडणारी स्टॉपची केबल ओढली. काही उपयोग नाही. मिस्त्री पाटावर बसून दुसऱ्या गाडीचं ड्रम खोलत होते. ते तोच पाट घेऊन धावले, फिल्टरचा होज, म्हणजे रबरी नळी, उपसला आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेच्या, तोंडावर पाट दाबून धरला. दोन-तीन आचके देऊन इंजिन थांबलं. मिस्त्री मला एक शब्द बोलले नाहीत. वाटी हातात दिली आणि खुणेपर्यंत ऑइल काढायला लावलं.

पेट्रोल इंजिनात चावी फिरवली की स्पार्क जातो, इंजिन बंद. डिझेलला स्पार्कच नाही. दाबाने तापलेल्या हवेत जे जळण्यासारखं येईल ते पेटतं, मग ते पंपातलं डिझेल असो की फिल्टरमधलं ऑइल. गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, फक्त पंपाचं डिझेल मोजतो. ऑइल त्याच्या हिशेबातच नसतं. झिजलेल्या पिस्टन रिंगांमुळे ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारं ऑइल किंवा टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) सील गेल्यावर गळणारं ऑइल हेच करतं. म्हणून हवा तोडायची. पाट, जाड फळी, काहीही सपाट आणि कडक. हात कधीच लावू नका, फडकं तर आत ओढलं जातं. कार्बन डायऑक्साइडचा फायर सिलिंडर जवळ असेल तर त्याचा फवारा इनटेकमध्ये मारा.

एवढी घाई कशासाठी, तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ४,००० आरपीएमचं (मिनिटाला ४,००० फेऱ्यांचं) इंजिन ६,००० वर गेलं की ताण दीडपट नाही, सव्वादोन पट होतो. बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

घाटात वेगळाच प्रकार. खंबाटकी उतरताना एकाने चौथ्यातून घाईत दुसरा टाकला. तिथे गव्हर्नर डिझेल तोडूनही उपयोग नसतो, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. हेड उघडलं तेव्हा व्हॉल्व्ह पिस्टनला लागलेले आणि व्हॉल्व्ह उघडणारे तीन पुशरॉड वाकलेले होते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी.

कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटरची रिटर्न स्प्रिंग तुटली की रेस अडकते. रस्त्यावर असं झालं तर आधी गाडी न्यूट्रल करा, मग चावी बंद करा. पण स्टिअरिंग लॉक होईल इतकी मागे फिरवू नका. सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक गाडीची ती स्प्रिंग बोटाने ओढून बघायची सवय लावून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे.

आणि ओव्हरहॉलनंतर डिझेल इंजिन पहिल्यांदा चालू करताना होज आधीच ढिला ठेवा. एकजण सेल्फवर, एकजण फळी घेऊन इनटेकपाशी. पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, गाडीचा मालक असला तरी.