ब्लँकेटसाठी बर्फाचा गोळा, क्रोशावर

उन्हाळ्याच्या सुट्टीतला खाऊ ब्लँकेटवर आणायचा असेल तर सुरुवात बर्फाच्या गोळ्यापासून करा. आकार सोपा, रंग भडक, आणि किसलेल्या बर्फाचा खरखरीतपणा क्रोशात फार छान उतरतो. हा चौकोन १२ बाय १२ इंचांचा आहे, असे १२ जोडले की ३ बाय ४ फुटांचं पांघरूण होतं.

८ प्लायचा कॉटन दोरा आणि ४ मिमीची सुई घ्या. लोकरही चालते, पण एप्रिल-मेमध्ये अंगावर घ्यायचं तर कॉटनच बरं. रंग: जमिनीला, म्हणजे गोळ्यामागच्या चौकोनाला पांढरा, गोळ्याला काळा खट्टाचा जांभळट काळा, ऑरेंज आणि कच्च्या कैरीचा पोपटी, काडीला फिका बदामी. गडद दोरा पांढऱ्यावर बसणार आहे म्हणून आधी वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात अर्धा तास दाबून ठेवा, डाग पडला तर तो दोरा अजिबात वापरू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळा चौकोन जांभळा होतो.

जमीन: ४४ साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब (सुईवर आधी एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका). सुटलेल्या ३ साखळ्या एक खांब धरून ओळीत ४२ होतात. अशा साधारण २४ ओळी, पण खरं माप टेपनेच बघा. रुंदी जास्त येत असेल तर सुई ३.५ ची घ्या.

आता गोळा. काळा खट्टाच्या दोऱ्याने ९ साखळ्या, त्यावर ८ मुके खांब (आधी वेढा न घेता घातलेला बुटका टाका). पुढच्या ३ ओळींत दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवा म्हणजे १०, १२, १४. इथून ६ ओळी महत्त्वाच्या: एक मुका खांब, एक खांब, असं आलटून पालटून शेवटपर्यंत. टाके सम असल्यामुळे पलटल्यावर खालच्या खांबावर आपोआप मुका खांब येतो आणि मुक्यावर खांब, त्यामुळे पृष्ठभाग दाणेदार होतो, हात फिरवला की कळतं! या ६ ओळींत ऑरेंज वापरा. शेवटच्या ३ ओळी पोपटी, साध्या मुक्या खांबाच्या, दोन्ही टोकांना दोन टाक्यांचा एक करत १२, १०, ८. रंग बदलताना आधीच्या ओळीच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने ओढा, रेघ स्वच्छ येते.

काडीला ११ साखळ्या आणि १० मुक्या खांबांच्या २ ओळी पुरतात.

असे दोन गोळे करा. आधी टाचण्यांनी लावून लांबून बघा, मगच शिवा. काडी पहिली, तिचं टोक अर्धा इंच गोळ्याखाली, आणि गोळा ज्या त्या रंगाच्या दोऱ्याने बारीक टाके घालून.

शेवटी चारही बाजूंनी मुक्या खांबाची कड, कोपऱ्यात ३. आडव्या बाजूला ४२ येतातच, उभ्या बाजूलाही ४२ यायला प्रत्येक ओळीत २ घ्या आणि दर चौथ्या ओळीत १. सगळ्या चौकोनांची कड सारखी असली तरच जोडताना ओढाताण होत नाही. मग ओला करून टॉवेलवर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा.

बाकीच्या चौकोनांवर हाच साचा वापरून मावा कुल्फी करता येते, फक्त खालून निमुळती विणा, किंवा पेप्सीकोल्याच्या लांब कांड्या, त्या तर सरळ पट्ट्याच आहेत.