बातमी ताडताना या चुका टाळा

"चार ठिकाणी आलंय म्हणजे खरंच असणार." सांगलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता संताप होतो. ठिकाणं चार असली, तरी बातमी निघाली किती ठिकाणांहून, हे कुणी बघतच नाही.

जुलै २०२१. कृष्णेचं पाणी चढत होतं आणि २०१९ला आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलेलं पाणी कुणी विसरलं नव्हतं. रात्री साडेअकराला भाचा मोबाइल घेऊन आला. 'कोयनेतून २ लाख क्युसेक, सकाळी आयर्विनला ६० फूट.' म्हणजे कोयना धरणातून सेकंदाला २ लाख घनफूट पाणी. म्हणाला, "मामा, तीन पोर्टलवर आहे, केबलवरही आहे. अजून काय पाहिजे?" शेजारच्या आजी दुसऱ्या मजल्यावर सुरक्षित होत्या. तरी आम्ही त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं आणि भर पावसात मिरजेला लेकीकडे पोचवलं. पुढं आठवडाभर त्या तापाने फणफणल्या.

सकाळी चारही बातम्या शेजारी ठेवून वाचल्या. चारही ठिकाणी 'विसर्ग'चा (धरणातून सोडलेल्या पाण्याचा) 'विर्सग' झाला होता. एकच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चौघांनी उचलला होता, पाटबंधारेला फोन एकानेही केला नव्हता. मीही साधा हिशोब केला नाही, याचं आजही वाईट वाटतं. २ लाख क्युसेक दिवसभर सोडलं तर १७ टीएमसीच्या, म्हणजे १७ अब्ज घनफुटांच्या वर पाणी जातं. कोयना आहे १०५ टीएमसीची, म्हणजे सहा दिवसांत भरलेलं धरण रिकामं. एवढा मोठा आकडा दिसल्यावर आधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून विसर्गाच्या किंवा पातळीच्या आकड्याशेजारी तारीख-वेळ नसेल, तर मी तो धरतच नाही.

'एखादं अ‍ॅप सांगा, लगेच कळेल' असं पोरं विचारतात. मला ही घाई पटत नाही. दोन बातम्या शेजारी ठेवून वाचायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्यायलाच हवीत. वाक्यं तीच असतील, तर तो एकच स्रोत. पीटीआय या वृत्तसंस्थेची बातमी तीन पेपरांत आली तरी ती एकच मोजायची.

हे लक्षण पैसे घेऊन छापलेला मजकूर ओळखायलाही कामी येतं. २००९च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत एकाच नेत्याचं कौतुक शब्दशः तेच, पण वेगवेगळ्या नावांनी छापून आलं होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते बाहेर काढलं आणि पुढं प्रेस कौन्सिलला पेड न्यूजवर अहवाल करावा लागला. आपल्याकडं नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या, कारखान्यांची आणि पतसंस्थांची पानभर कौतुकं येतात. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' आहे का, ते मी आधी शोधतो.

मालक कळला की अख्खा पेपर रद्दीत काढायचा, ही याच्या उलटी चूक. 'सकाळ' पवार कुटुंबाकडे, 'लोकमत' दर्डा कुटुंबाकडे, हे जगजाहीर आहे. म्हणून तिथली पाणीटंचाईची बातमी खोटी ठरत नाही. मालकाचा किंवा जाहिरातदाराचा संबंध येतो, ती बातमी तेवढी दुसरीकडे ताडा.

नुसता मथळा वाचून पुढं पाठवू नका.

'सूत्रांच्या माहितीनुसार' एवढ्यावरच सगळी बातमी उभी असेल, तर एक दिवस थांबा.

पोर्टलवर संपादकाचं नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकारी दिलाय का बघा. केंद्राच्या २०२१च्या आयटी नियमांत तो अधिकारी नेमून त्याची माहिती द्यायला सांगितलंय. नाव द्यायला जो तयार नाही, त्याच्या बातमीवर मी घर हलवणार नाही.

आणि चुकल्यावर तो काय करतो, हे पाहिल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका. त्या 'विर्सग'वाल्या तीन पोर्टलपैकी दोघांनी बातमी गुपचूप काढून टाकली. तिसऱ्याने दुपारी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'रात्रीचा आकडा चुकीचा होता, आम्ही खातरजमा केली नव्हती.' ते पोर्टल मी आजही वाचतो.