रेडिओवर चालणारा रणगाडा : सजावट आणि सुधारणा करताना या चुका टाळा

गोव्यात रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल रणगाड्यांचे बारीक काम बहुधा पावसाळ्यात होते. जून लागला की अंगणात चिखल आणि मैदानात पाणी असल्यामुळे १:१६ प्रमाणाचा (मूळच्या सोळाव्या हिश्श्याचा) टायगर किंवा शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन किंवा अमेरिकन रणगाडा, टेबलावर येतो, आणि पुढचे तीन-चार महिने त्याच्यावर रंग, ओढदोर, हत्यारे, दिवे, धातूचे ट्रॅक (चाकांभोवतीचे कड्यांचे पट्टे) असे एकेक लेणे चढत जाते. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपून उघडीप मिळाली की तो बाहेर निघतो, आणि पहिल्याच वळणावर ट्रॅक उतरतो, बाजूचे पत्रे मोडतात किंवा सर्किट बोर्ड तापून बंद पडतो. फोंड्याला माझ्या टेबलावर दुरुस्तीसाठी आलेल्या आणि मी स्वतः बिघडवलेल्या रणगाड्यांचे दोष एकत्र पाहिले, तर बहुतेकांचे मूळ एकच निघते: जे आधी चालवून पाहायला हवे होते, ते न पाहताच कायमचे चिकटवले गेले. कपाटात ठेवायच्या मॉडेलला ही चूक माफ असते. चालणाऱ्या मॉडेलला ती माफ नसते.

उघडण्यापूर्वी

नवा रणगाडा आणल्यावर थेट रंगाला हात घालू नये. तो जसा आला आहे तसा दोन-तीन बॅटऱ्या संपेपर्यंत चालवावा, कारण गिअरबॉक्सचा दोष, कमी पडलेले ग्रीस किंवा वाकडा आस याच काळात लक्षात येतो आणि बदलून घेण्याची सोयही तेव्हाच असते. त्यानंतर वरचा भाग उघडताना तो ओढू नये. टरेटमधल्या (वरच्या फिरत्या बुरुजातल्या) मोटरी, दिवे आणि तोफेची यंत्रणा यांच्या तारा खालच्या बोर्डाला जोडलेल्या असतात, आणि एका झटक्यात त्या मुळापासून तुटतात. वरचा भाग दोन बोटे उचलावा, आतला फोटो काढावा, मगच जोडण्या सोडवाव्यात. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात घातला तर तो प्लास्टिकमधून वर येतो. प्रत्येक भोकाचा स्क्रू त्या भोकाच्या नावाने वेगळा ठेवावा.

याच टप्प्यावर ठरवायची आणखी एक गोष्ट म्हणजे कोणत्या भागावर पुढे काहीही चिकटवायचे नाही. मी एकदा मागच्या डेकवर गुंडाळलेली ताडपत्री आणि जेरीकॅन यांचा सुंदर ढीग एपॉक्सीने बसवला, आणि दोन महिन्यांनी लक्षात आले की वरचा भाग सोडवणारे दोन स्क्रू नेमके त्याच्याखाली आहेत. ताडपत्री कापावी लागली. तेव्हापासून स्क्रू, बॅटरीचे झाकण आणि स्विच यांच्यावर येणारे सामान मी लहान चुंबकांवर बसवतो.

ट्रॅक, दाते आणि वजन

धातूचे ट्रॅक हा बहुतेकांचा पहिला बदल असतो, आणि महाग पडणारी पहिली चूकही. त्यांचे वजन रणगाड्याला जमिनीवर छान बसवते, पण तेच वजन प्लास्टिकच्या स्प्रॉकेटला (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाला) आणि प्लास्टिकच्या गिअरला ओढावे लागते. काही दिवसांत स्प्रॉकेटचे दाते गोल होतात आणि जोर लागताच टकटक आवाज येऊ लागतो. हा आवाज ऐकल्यावर ट्रॅक आणखी ताणणे हा उपाय नव्हे. त्याने मोटरीवरचा भार वाढतो आणि बोर्ड तापतो. ट्रॅक, स्प्रॉकेट, आयडलर (दुसऱ्या टोकाचे, ट्रॅक ताणून धरणारे चाक) आणि गिअरबॉक्स हा एकच संच आहे असे मानावे आणि पैसे एका वेळी पुरत नसतील तर सुरुवात गिअरबॉक्सपासून करावी, ट्रॅकपासून नव्हे.

ताण किती असावा, याचे उत्तर मॉडेल चालवल्यावरच मिळते. रणगाडा पुढे नेऊन थांबवावा, मग मागे नेऊन थांबवावा, आणि दोन्ही वेळा ट्रॅकची वरची बाजू पाहावी. टायगरसारख्या रणगाड्यात ती चाकांवर अलगद टेकलेली असते. शर्मनमध्ये तिला परतीचे छोटे रोलर आधार देतात. जागच्या जागी वळताना ट्रॅक उतरत असेल, तर तो सैल आहे किंवा आयडलर स्प्रॉकेटच्या रेषेत नाही. पट्टी लावून रेष आधी तपासावी, कारण रेष चुकलेली असताना कड्या कमी करून काहीही साधत नाही. कड्या काढायच्याच असतील तर दोन्ही बाजूंची संख्या समान ठेवावी. कड्यांच्या नक्षीची दिशाही मूळ रणगाड्याच्या छायाचित्रावरून पडताळावी, कारण उलटा बसवलेला ट्रॅक चालतो खरा, पण जाणकाराच्या नजरेला तो पहिल्या क्षणी खटकतो.

रणगाडा एका बाजूला ओढत असेल तर लोक लगेच रिमोटवर संशय घेतात. आधी तो ठोकळ्यावर ठेवून दोन्ही ट्रॅक हवेत फिरू द्यावेत. मग बोर्डावरच्या डाव्या आणि उजव्या मोटरीच्या जोडण्यांची अदलाबदल करावी. संथपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष बोर्डात आहे. त्याच बाजूला राहिला तर मोटर, गिअरबॉक्स किंवा ट्रॅकचा ताण पाहावा. आणि सुधारणेनंतर रणगाडा पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी गरगर फिरू लागला, तर घाबरण्याचे कारण नाही: एका मोटरीच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत, तेवढ्या बदलाव्यात.

बाजूचे चिलखती पत्रे आणि चिखलरोधक बसवताना ट्रॅकला मोकळी जागा ठेवावी. आधी ते चिकटपट्टीने लावून अंगणात एक फेरी मारावी, खडबडीत जागेवर निलंबन (चाकांचे सस्पेन्शन) पूर्ण दाबले जाते का ते पाहावे, आणि नंतरच डिंक वापरावा. अँटेनासारखे नाजूक भाग गिटारच्या बारीक तारेचे केले तर ते वाकून पुन्हा उभे राहतात.

प्लास्टिक, डिंक आणि दमट हवा

या रणगाड्यांचा सांगाडा बहुधा एबीएस प्लास्टिकचा असतो, तर जोडून बनवायच्या साध्या किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरिन असते. पॉलिस्टायरिनचे सौम्य सिमेंट एबीएसवर नीट धरत नाही. भाग बसल्यासारखा वाटतो आणि चालताना गळून पडतो. एबीएसला त्याचे स्वतःचे द्रावण किंवा एपॉक्सी लागते. फेव्हिक्विकच्या जातीचा डिंक छोट्या भागांना चालतो, पण त्याच्या वाफेने पारदर्शक काचेवर पांढरा थर बसतो, म्हणून हेडलाइटची काच आणि पेरिस्कोप त्याने चिकटवू नयेत. फसलेला रंग काढण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातले एनसी थिनर किंवा ॲसिटोन तर कधीच वापरू नये: रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळते आणि वेल्डिंगच्या रेषा, रिव्हेट, सारे तपशील पुसले जातात.

आपल्याकडे सर्वाधिक काम बिघडवते ती हवा. ऐन पावसाळ्यात आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर असते. लॅकर जातीचा स्प्रे मारला की त्यातील द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतले बाष्प त्यावर जमते, आणि गडद हिरव्या रंगावर दुधासारखी पांढरी झाक येते. अनेक जण त्यावर आणखी रंग मारतात आणि ओलावा आत कोंडतात. त्याऐवजी कोरडा दिवस येईपर्यंत थांबावे आणि त्या थरावर रिटार्डर (सुकणे लांबवणारे द्रव्य) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा द्यावा. बहुतेक वेळा झाक निघून जाते. माझा नियम असा की मीठ डब्यात ओलावते त्या दिवशी स्प्रेचा डबा हातात घ्यायचा नाही. ब्रशने लावायचे पाण्याचे ॲक्रिलिक रंग मात्र पावसातही चालतात, फक्त सुकायला दुप्पट वेळ द्यावा.

रंग कुठे लावू नये हेही आधी ठरवावे. चाकांचे आस, स्प्रॉकेटचे दाते आणि तोफ वर-खाली करणारा सांधा यांत रंग गेला की ते जखडतात. इनॅमलचा वॉश (खाचांत सावली आणणारा पातळ रंग) उघड्या एबीएसवर, विशेषतः स्क्रूच्या भोकांभोवती जिथे प्लास्टिकवर ताण असतो तिथे, लावू नये. त्यातील थिनर झिरपून प्लास्टिक ठिसूळ होते आणि तडकते. आधी वार्निशचा पूर्ण थर द्यावा. डिकलही (पाण्यात भिजवून लावायचे छापील चिन्ह) तकतकीत वार्निशवरच लावावी. खरखरीत मॅट पृष्ठभागावर तिच्याखाली हवा अडकते आणि कडा चांदीसारख्या चमकतात.

एक काळ, एक जागा

सजावटीतली मोठी चूक कौशल्याची नसते, ती निरनिराळ्या काळांचे तपशील एकत्र करण्याची असते. टायगरचेच उदाहरण घ्या. जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद करड्याऐवजी गडद पिवळा झाला. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावला जाणारा झिमेरिटचा खडबडीत लेप कारखान्यांत १९४३ च्या उत्तरार्धात सुरू होऊन सप्टेंबर १९४४ मध्ये थांबला. आणि रबरी कडेच्या चाकांऐवजी पोलादी कडेची चाके १९४४ च्या सुरुवातीला आली. म्हणजे करड्या रंगावर झिमेरिट आणि खाली पोलादी चाके असा टायगर कितीही देखणा रंगवला तरी तो कोणत्याच काळाचा होत नाही. एक छायाचित्र निवडावे आणि शेवटपर्यंत त्याच्याशी प्रामाणिक राहावे.

मापाचा हिशेबही सतत करावा. १:१६ मध्ये १०० मिलिमीटरचे पुढचे चिलखत सव्वासहा मिलिमीटर होते. त्यावर ठोकर लागून पोचा पडणे शक्य नाही. पोचे आणि दुमडलेल्या कडा शोभतात त्या चिखलरोधकाच्या पातळ पत्र्यावर. गंजही एक्झॉस्टवर आणि खरचटलेल्या कडांवर थोडासा हवा. रोज चालणाऱ्या रणगाड्याच्या ट्रॅकचा जमिनीला टेकणारा भाग घासून उजळलेला असतो, तिथे नारिंगी गंज फासणे म्हणजे तो महिनोन्महिने उभा आहे असे सांगणे.

धुळीबद्दल मला विशेष आस्था आहे. आपल्या चिऱ्याच्या दगडाची तांबडी माती हाताशी असल्यामुळे ती प्रत्येक रणगाड्यावर चढवली जाते, पण युरोपातल्या टायगरवर ती परकी दिसते. जिथे ती शोभते असा एक विषय आपल्या दारातच आहे: गोवामुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय लष्कराचे रणगाडे मांडवीच्या उत्तर तीरावर बेतीपर्यंत पोहोचले होते. हा प्रसंग कोणाला करायचा असेल तर त्यावर पावसाळी चिखलाचे थर देऊ नयेत. डिसेंबरात आपले रस्ते कोरडे असतात, तेव्हा पातळ तांबूस धूळ खालून वर विरळ होत जावी. खरी माती वापरायची तर ती मलमलीतून दोनदा चाळावी, कारण एक मिलिमीटरचा खडा या प्रमाणात सोळा मिलिमीटरचा दगड होतो. मग ती जुन्या तव्यावर भाजून पूर्ण कोरडी करावी आणि मॅट वार्निशने बसवावी. पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवलेल्या मातीवर पुढच्या जुलैत बुरशी आलेली मी पाहिली आहे.

वीज आणि रेडिओ

जादा दिवे लावताना एलईडी थेट बॅटरीला जोडू नये. ७.४ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते, आणि पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट पुरतात. ३९० ओहमचा रोधक मध्ये घातला तर सुमारे १३ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि दिवा टिकतो. निकेलच्या ७.२ व्होल्ट बॅटरीवरून लिथियमवर जाताना बोर्ड कमी व्होल्टला आपोआप थांबतो का ते पाहावे. थांबत नसेल तर सूचना देणारा छोटा अलार्म बॅटरीला जोडावा आणि सेल ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. चार्जिंग बॅलन्स चार्जरने (सर्व सेल सारखे भरणाऱ्या), रणगाड्याच्या बाहेर आणि नजरेसमोर करावे.

धूरयंत्रात त्याचे ठरलेले तेलच घालावे. खोबरेल तेलाने वात चिकट होऊन बसते, आणि कोरडे चालवले तर तापणारी तार जळते. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरच्या अँटेनाचे उघडे टोक सुमारे ३१ मिलिमीटर असते. ते कापू नये, गुंडाळू नये आणि धातूच्या टरेटखाली दाबू नये. धातूचे भाग बसवल्यावर रणगाडा पूर्वीपेक्षा कमी अंतरावर ऐकेनासा झाला, तर आधी हीच जागा पाहावी.

मीठ, वाळू आणि साठवण

मिरामार किनाऱ्याच्या वाळूत रणगाड्याचे छायाचित्र सुरेख येते, म्हणून तो तिथे उभा करावा, पण चालवू नये. बारीक वाळू गिअरबॉक्समध्ये शिरते आणि मीठ ट्रॅकच्या पिनांना गंजवते. चुकून चालवला गेलाच तर पाण्याने धुऊ नये. कोरड्या ब्रशने झाडावा, खालचा भाग उघडून गिअर पुसावेत आणि नवे ग्रीस भरावे, प्लास्टिकच्या गिअरला सिलिकॉनचे. पिनांवर तेल ओतण्याचा मोह टाळावा, कारण तेलावर धूळ बसून तिचा घासणारा लेप होतो. ग्रॅफाइटची कोरडी पूड पुरते. बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा.

पावसाळ्यात रणगाडा ठेवताना बॅटरी बाहेर काढून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. मे महिन्यात पूर्ण भरून ऑक्टोबरपर्यंत विसरलेली लिथियम बॅटरी फुगलेली निघते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नये. रणगाडा झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, ट्रॅक सैल करून ठोकळ्यावर, म्हणजे निलंबनाच्या स्प्रिंगांवर चार महिने वजन राहत नाही. जेलचा रंग बदलला की ते बाहेर काढून तापवावे आणि पुन्हा वापरावे. आमच्याकडे जुलैमध्ये ही वेळ दर पंधरवड्याला येते.