नऊ नावांची यादी: बेसबॉलमधले प्रॉस्पेक्ट जोखताना या चुका टाळा

२०११चा हंगाम सुरू होण्याआधी ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाने नेहमीप्रमाणे शंभर होतकरू खेळाडूंची, म्हणजे प्रॉस्पेक्टची, यादी काढली. तीत एकट्या कॅन्सस सिटी रॉयल्सची नऊ पोरं होती. संघ तीस, जागा शंभर, आणि वर्षानुवर्षं गुणतक्त्याच्या तळाशी लोळणाऱ्या एका संघाच्या वाट्याला त्यातल्या नऊ. एरिक हॉस्मर, माइक मुस्टाकस, विल मायर्स, जॉन लँब, माइक माँटगोमेरी, क्रिश्चन कोलोन, डॅनी डफी, जेक ओडोरिझी, क्रिस ड्वायर. इतकी श्रीमंत फार्म सिस्टीम, म्हणजे हाताखालच्या संघांची फळी, याआधी कुणी पाहिलीच नव्हती, असं तेव्हा सर्रास बोललं जाई. आणि चारच वर्षांनी, २०१५ साली, रॉयल्सनी खरोखर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली.

म्हणजे यादी बरोबर होती? हो आणि नाही. मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे, आकडे वाचायची खोड लागलेल्या कुणालाही मी आधी ही नऊ नावं पाठ करायला सांगतो, कारण या खेळातली बहुतेक फसगत या नऊ जणांच्या वाटचालीत सापडते.

नव्या वाचकासाठी रचना थोडक्यात. सर्वांत वरच्या, मेजर लीगमधल्या प्रत्येक संघाच्या हाताखाली चार पूर्ण हंगामाचे संघ असतात, तळापासून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. २०२१च्या फेररचनेनंतर असे एकूण १२० संघ उरले. त्यांच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या सराव केंद्रांवरच्या लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. या सगळ्या गोतावळ्याला फार्म म्हणतात. शब्द शेतीचाच आहे, आणि पेरलेलं सगळं उगवत नाही हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको.

मैदान न बघता आकडे वाचणं

ही पहिली चूक, आणि ती मी स्वतः भरभरून केली आहे. मित्रांच्या फँटसी लीगमध्ये मी ब्रँडन वूडवर जीव टाकला होता. एंजल्सचा हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, ज्याच्याकडून फलंदाजीची अपेक्षा कमीच) २०व्या वर्षी, २००५ साली, रँचो कुकामोंगाकडून कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होमरन मारून बसला. शॉर्टस्टॉपनं! माझ्या डोक्यात तो थेट हॉल ऑफ फेमला जाऊन पोचला होता. बाजारात तुरी!

कॅलिफोर्निया लीग तेव्हा हाय-ए दर्जाची होती आणि तिथली काही मैदानं म्हणजे आपल्याकडच्या पाटा खेळपट्ट्यांचे थोरले भाऊ. लँकेस्टरसारख्या वाळवंटी गावात वारा असा सुटायचा की साधा उंच झेलही कुंपणापार जायचा. रणजीत कुणी त्रिशतक ठोकलं की आपण आधी विचारतो, सामना कुठे होता? समोर गोलंदाजी कोणाची होती? बेसबॉलला मात्र तोच माणूस नुसता आकडा बघून भाळतो.

हीच गत ट्रिपल-एमधल्या पॅसिफिक कोस्ट लीगची. अल्बुकर्की महाबळेश्वरपेक्षाही उंचावर वसलेलं आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरचा वळणारा चेंडू हवा तसा वळत नाही. तिथल्या बॅटरची तीनशेची सरासरी (.३००, म्हणजे दर हजार संधींत तीनशे यशस्वी फटके) आणि फ्लोरिडा स्टेट लीगच्या दमट, जड हवेतली पावणेतीनशेची सरासरी समोरासमोर ठेवलीत, तर मी दुसऱ्या पोराकडे आधी वळेन.

आता यातली गंमत. वूडनंतर पाच वर्षांनी, २०१० साली, त्याच कॅलिफोर्निया लीगमध्ये व्हायसेलियाकडून पॉल गोल्डश्मिट नावाच्या फर्स्ट बेसमननं ३५ होमरन मारले. तो ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, आठव्या फेरीत निवडलेला, वूड तिथे खेळला तेव्हाच्या वयापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि १६१ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झालेला. एव्हाना शहाणे झालेले आम्ही सगळे म्हणालो, ‘कॅलिफोर्नियातले आकडे आहेत, सोडून द्या.’ वय वूडच्या बाजूनं होतं. जागा वूडच्या बाजूनं होती, कारण शॉर्टस्टॉपकडून जेवढी फलंदाजी पुरे होते तेवढ्यावर फर्स्ट बेसमनचं भागत नाही. मैदान दोघांनाही सारखंच फितूर.

फरक पुढच्या पायरीवर दिसला. डबल-एमध्ये वूडचे स्ट्राइकआउट १२८वरून १४९वर गेले. गोल्डश्मिट २०११ साली डबल-एच्या मोबीलकडून १०३ सामने खेळला, त्यात ३० होमरन मारले, स्ट्राइकआउट ९२वर आणले आणि वॉक (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) ८२ मिळवले. पिचर जास्त चलाख झाले, तसा हाही जास्त चलाख झाला. ऑगस्टमध्ये त्याला ॲरिझोनानं वर बोलावलं, आणि २०२२ साली तो नॅशनल लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, झाला. वूडची मेजर लीगमधली कारकीर्द १८ होमरन आणि .१८६च्या सरासरीवर संपली.

तेव्हा एका मुक्कामाचे आकडे बघून मत बनवू नका, पायरी चढताना काय हललं ते बघा. त्यातही होमरनच्या आधी स्ट्राइकआउट आणि वॉक. वारा चेंडूला कुंपणापार नेतो, पण बाहेरचा चेंडू सोडून द्यायला वारा शिकवत नाही.

वयाकडे दुर्लक्ष

सिंगल-एमध्ये २४ वर्षांचा गडी धुमाकूळ घालतोय म्हणून हुरळून जाऊ नका. दहावीच्या पोरांच्या कबड्डीत कॉलेजचा दांडगा उतरवला तर तो चढाईला जाईल आणि अख्खा संघ उचलून आणेल, त्यात नवल कसलं? उलट डबल-एमध्ये वीस वर्षांचं पोर नुसतं तग धरून असलं, तरी कान टवकारावेत. हुआन सोटोनं २०१८ साली सिंगल-एपासून सुरुवात केली, डबल-एमध्ये जेमतेम आठ सामने खेळला, आणि मे महिन्यात १९व्या वर्षी वॉशिंग्टनच्या संघात दाखल झाला. असा एखादाच, मान्य. पण नाव ऐकताच पहिला प्रश्न ‘वय काय?’ हाच असावा. सोयरीक जुळवतानासुद्धा आपण हा प्रश्न इतक्या लवकर विचारत नाही.

पन्नास म्हणजे काठावर पास, असं वाटणं

स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, लोक प्रत्येक गुणाला २० ते ८० असे गुण देतात: बॅट, ताकद, धाव, हातातली फेक, क्षेत्ररक्षण. पस्तीसला पास होत आलेल्या आपल्या मनाला ५० दिसलं की पोरगं मध्यम वाटतं. तसं नाही. ५० म्हणजे मेजर लीगमधल्या खेळाडूची सरासरी, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम लीगमध्ये रोज खेळण्याची लायकी. मायनर लीगमधल्या बहुसंख्य मुलांना तो आकडा कधीच गाठता येत नाही. शिवाय बऱ्याचदा दोन आकडे दिलेले असतात, आजचा आणि उद्याचा. ३० आणि ६० अशी जोडी दिसली की नुसत्या साठवर नजर ठेवू नका. मधलं तीसचं अंतर कुणीतरी कापायचं आहे, आणि बहुतेक जण ते कापण्याच्या वाटेतच हरवतात.

आकडे घसरले की पोरगं संपलं, असं ठरवणं

इथे जरा थांबू, कारण खरी दुरुस्ती-तपासणी इथेच लागते.

हॉस्मर २००८च्या ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला. पुढच्याच वर्षी त्याची सरासरी अडीचशेच्या खाली घसरली, आणि विल्मिंग्टनला, म्हणजे हाय-एमध्ये, तर दोनशेच्या आसपास रेंगाळत होती. ‘ताकदवान पण आंधळा’ अशी टवाळी सुरू झाली. टवाळी शब्दशः खरी निघाली. पोराला नीट दिसतच नव्हतं. हंगाम संपल्यावर डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया झाली, आणि २०१० साली हाय-ए आणि डबल-ए मिळून त्याची सरासरी होती .३३८, होमरन २०.

त्यात विल्मिंग्टनचं मैदान म्हणजे बॅटरची स्मशानभूमी. मुस्टाकसही २००९ साली तिथे अडखळला होता. पुढच्या वर्षी डबल-ए आणि ट्रिपल-एमध्ये त्यानं ३६ होमरन मारले.

म्हणून आकडे घसरले की मी काही गोष्टी क्रमानं बघतो. पोरगं नुकतं वरच्या पायरीवर गेलंय का? मैदान बदललं का? हात, मनगट, पोटरी, डोळे, काही दुखणं आहे का? पिचर असेल तर तो नवा चेंडू शिकतोय का? हे पुष्कळदा निसटतं. संघानं सांगितलेलं असतं की वेगवान चेंडू मागे ठेव आणि चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, टाक. पोरगं चेंजअप टाकतं, मार खातं, आणि बॉक्स स्कोअर वाचणारा घरी बसून म्हणतो, ‘गेला हा कामातून.’ मायनर लीगमध्ये सामना जिंकणं हा बऱ्याचदा दुय्यम उद्देश असतो.

कधी खेळच बदललेला असतो. २०१९ साली ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचा चेंडू वापरायला सुरुवात झाली आणि एका वर्षात तिथले होमरन निम्म्याहून जास्त वाढले. त्या वर्षी ‘ताकद सापडली’ म्हणून गाजलेली किती नावं पुढे विरून गेली! २०२३पासून ट्रिपल-एच्या सगळ्या मैदानांवर स्ट्राइकचा निवाडा करणारी यंत्रणा आली, तेव्हा त्याआधीच्या आणि नंतरच्या वॉकची तुलनाही जपूनच करावी.

जागा कायमची समजणं

मायर्स कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून निवडला गेला होता. कॅचर असून अशी फलंदाजी म्हणजे सोनंच. पण रॉयल्सनी त्याला आउटफिल्डमध्ये हलवलं, आणि त्याच बॅटची किंमत कमी झाली, कारण आउटफिल्डमध्ये तशी फलंदाजी करणारे पुष्कळ असतात. शॉर्टस्टॉप नाव लावून फिरणारा अठरा वर्षांचा मुलगा तेविसाव्या वर्षी थर्ड बेसवर उभा असेल, हे गृहीत धरूनच त्याची बॅट मोजा.

पिचरवर संसार उभा करणं

रॉयल्सच्या यादीतल्या नवांपैकी पाच पिचर होते. डफीनं २०१० साली काही महिने खेळच सोडला होता. तो परत आला, २०११ साली वर पोचला, आणि २०१२ साली त्याच्या कोपराच्या अस्थिबंधाची, टॉमी जॉन म्हणतात ती, शस्त्रक्रिया झाली. लँब, जो त्या वेळी देशातल्या पहिल्या वीसांत होता, तो २०११मध्येच त्याच शस्त्रक्रियेला सामोरा गेला आणि त्याचा पूर्वीचा वेग बराच काळ परतला नाही. ड्वायरच्या वाट्याला मेजर लीगचे दोन सामने आले. ओडोरिझी उत्तम टिकला, पण दुसऱ्याच गावात. जुने लोक म्हणतात, पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची गोष्टच नसते. थोडी अतिशयोक्ती आहे, पण मी हिशोब करताना दर दोन पिचरमागे एकच धरतो.

अजून खाली आहे म्हणजे तयार नाही, असं मानणं

क्रिस ब्रायंटनं २०१५च्या वसंतातल्या सराव सामन्यांत नऊ होमरन मारले आणि शिकागो कब्जनी त्याला आयोवाला, ट्रिपल-एमध्ये, पाठवलं. १७ एप्रिलला वर आणलं. सेवेचं एक वर्ष १७२ दिवसांचं धरतात, त्याचे भरले १७१. त्या एका दिवसामुळे संघाला त्याच्यावर आणखी एक वर्ष हक्क मिळाला. त्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू, तोच. अशा वेळी खेळाडूऐवजी करारातली कलमं वाचावी लागतात.

स्वतःच्या संघाकडून कोण खेळला एवढंच मोजणं

आता त्या नऊ नावांकडे परत. नुसतं डोकी मोजायला बसलात तर हिशोब निराशेचा वाटेल. पण डिसेंबर २०१२मध्ये रॉयल्सनी मायर्स, ओडोरिझी आणि माँटगोमेरी टँपा बेला देऊन जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस घेतले. लोकांनी शिव्या घातल्या. मायर्स तर पुढच्याच वर्षी अमेरिकन लीगचा रुकी ऑफ द इयर झाला, तेव्हा शिव्यांना आणखी धार आली. लँबला जुलै २०१५मध्ये आणखी दोन पिचरांसोबत सिनसिनाटीला देऊन जॉनी क्वेटो आणला. त्याच क्वेटोनं वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना एकट्यानं पूर्ण टाकला. फार्म म्हणजे पीकही आणि बाजारात नेऊन विकायचा मालही.

त्याच सिरीजच्या पाचव्या सामन्यात न्यूयॉर्कला नवव्या डावात हॉस्मर जीव खाऊन होम प्लेटकडे धावला आणि बरोबरी झाली. बाराव्या डावात कोलोन आला. ड्राफ्टमध्ये चौथा निवडलेला, ज्याला एव्हाना सगळ्यांनी फुकट गेलेली निवड ठरवलं होतं, तो. त्या वर्षीच्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, तोपर्यंत त्यानं एकदाही बॅट हातात घेतलेली नव्हती. त्याच्या फटक्यावर आघाडीची धाव आली आणि डेव्हिसनं सामना संपवला. सिरीजचा एमव्हीपी ठरला कॅचर साल्वाडोर पेरेझ. २०११च्या त्या शंभरांत त्याचं नावही नव्हतं.

आणि माँटगोमेरी? तो टँपाहून सिॲटलला, तिथून शिकागोला गेला. २०१६च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, दहाव्या डावात, कब्जची १०८ वर्षांची प्रतीक्षा संपवणारा शेवटचा बाद काढायला चेंडू त्याच्याच हातात होता.