मूतखड्याचा कठीणपणा मोजताना या चुका टाळा

मूतखड्यांच्या कठीणपणाचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले की दोष विकर्स यंत्राला दिला जातो. हे यंत्र पिरॅमिडच्या आकाराचे हिऱ्याचे टोक ठराविक भाराने खड्यावर दाबते आणि उमटलेल्या चौकोनी ठशाच्या कर्णांवरून कठीणपणा काढला जातो. बहुतेकदा घोळ खडा यंत्राखाली जाण्याआधीच झालेला असतो.

सगळ्यांत मोठा घोळ वाळवण्याचा. शरीरात खडा ओला असतो; तोच वाळल्यावर जास्त कठीण भरतो. एका प्रकारचे खडे ओले आणि दुसऱ्या प्रकारचे सुके मोजले, तर तुलना तिथेच संपली. घाईत ओव्हनमध्ये ठेवणे त्याहून वाईट. संसर्गातून तयार होणारा स्ट्रुवाईट साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे अमोनिया आणि पाणी सोडू लागतो. मग मोजला जातो तो पदार्थच वेगळा. सगळे नमुने एकाच अवस्थेत मोजा आणि ती अवस्था आकड्याशेजारी लिहा.

खड्याच्या खडबडीत बाहेरच्या अंगावर ठसा उमटवू नका. खडा कापून, रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या राळेसारख्या पदार्थात) बसवून, नीट पॉलिश करा. सच्छिद्र खड्यात पातळ रेझिन आत झिरपते आणि आकड्यात त्याचाही वाटा येतो, हे सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. शिवाय गाभा एका क्षाराचा आणि कवच दुसऱ्याचे, असे अनेकदा असते. थरांचे आकडे वेगळे द्या, सरसकट सरासरी नको.

ठशाचे कर्ण काळजीपूर्वक वाचा. आकडा कर्णाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ५० ग्रॅम भाराला कर्ण ३० मायक्रॉन असेल तर कठीणपणा सुमारे १०३, तोच ३१.५ वाचला तर सुमारे ९३. कोपऱ्यांतून तडे गेले असतील तर कठीणपणाच्या मोजणीसाठी भार कमी करा. पण फार कमी भाराला आकडा फुगतो, म्हणून वेगवेगळ्या भारांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

सीटी स्कॅनमधले हाउन्सफिल्ड एकक हा कठीणपणा नव्हे. खडा क्ष-किरण किती अडवतो तेवढेच त्यातून कळते.

आणि कठीण म्हणजे फुटायला अवघड, हे गृहीत धरू नका. सिस्टिन या अमिनो आम्लाचा खडा कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटच्या खड्यापेक्षा मऊ असतो, तरीही शॉकवेव्हने (शरीराबाहेरून सोडलेल्या धक्कालहरींनी) फोडताना डॉक्टरांना तो चांगलाच दमवतो, कारण तो ठिसूळ नसतो. फुटण्याबद्दल बोलायचे असेल तर ठशाच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तड्यांची लांबीही मोजा आणि त्यावरून भंगरोधकता, म्हणजे तडा पसरायला खडा किती विरोध करतो ते, काढा.