सी आणि युनिक्स शिकताना या चुका टाळा

‘प्रोग्रॅम चालत नाही’ हे वाक्य सांगली-मिरजेच्या कुठल्याही कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या तासाला सतत कानावर पडतं. पण या एका वाक्यात निदान पाच वेगळ्या तक्रारी असतात. प्रोग्रॅम कंपाइलच झाला नाही (कोडचं मशीन कोडमध्ये रूपांतरच झालं नाही), कंपाइल झाला पण लिंक झाला नाही (लागणाऱ्या लायब्ररी जोडल्या गेल्या नाहीत), तयार झाला पण शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, सापडला नाही, सुरू होऊन मध्येच पडला, किंवा शेवटपर्यंत नीट चालून उत्तर मात्र चुकीचं आलं. प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. पहिल्या चारांत तर कुठे अडलं ते मशीनने स्वतःच स्क्रीनवर लिहिलेलं असतं. ते न वाचता कोड इकडेतिकडे बदलत बसणं, ही बाकी सगळ्या चुकांची जननी.

(या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. युनिक्सला लहान आणि मोठी लिपी वेगळी वाटते, त्यामुळे वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळं लहान लिपीत.)

कंपाइलरला बोलतं करा

जीसीसी हा लिनक्सवरचा सी कंपाइलर. नुसतं ‘जीसीसी हिशेब.सी’ असं कंपाइल करू नका. त्यात दोन पर्याय पहिल्या दिवसापासून घाला: -वॉल, म्हणजे उणे चिन्ह, मोठा डब्ल्यू आणि पुढे ए-एल-एल, वॉर्निंग दिसाव्यात म्हणून; आणि -जी, डीबगरला (चूक शोधायला मदत करणाऱ्या प्रोग्रॅमला) ओळ क्रमांक कळावेत म्हणून. पूर्ण कमांड अशी होते:

जीसीसी -वॉल -जी हिशेब.सी -ओ हिशेब

-ओ च्या लगेच पुढचं नाव हे तयार होणाऱ्या फाइलचं असतं. इथे घाईत क्रम चुकतो. ‘जीसीसी -ओ जुना.सी नवा.सी’ असं लिहिलंत, तर जुना.सी मधला तुमचा सोर्स कोड पुसला जाऊन तिथे मशीन कोड बसतो. सोर्स परत मिळत नाही.

पन्नास एरर आल्या तर घाबरू नका आणि शेवटच्या एररपासून सुरुवातही करू नका. एक कंस किंवा अर्धविराम राहिला की कंपाइलरचा पुढच्या सगळ्या कोडचा अर्थ चुकतो, आणि त्या एका चुकीच्या पन्नास एरर होतात. वर स्क्रोल करा, पहिली एरर वाचा, तेवढीच दुरुस्त करा, फाइल सेव्ह करा, पुन्हा कंपाइल करा. दाखवलेल्या ओळीत चूक दिसली नाही तर तिच्या आधीची ओळ पाहा.

व्हॉट्सअॅपवरून किंवा पीडीएफमधून कोड चिकटवला की एक खास एरर येते. ‘स्ट्रे’ आणि त्यापुढे \342 असा आकडा, किंवा नव्या कंपाइलरवर ‘एक्स्टेंडेड कॅरॅक्टर’ असा उल्लेख. त्या कोडमधली अवतरणचिन्हं छपाईची, वळणदार असतात. सीला सरळ चिन्हंच चालतात. तेवढी चिन्हं पुसून हाताने टाइप करा. खरं तर सुरुवातीची दोन-तीन महिने प्रत्येक प्रोग्रॅम हातानेच टाइप करावा, कारण चुका त्यातूनच ओळखीच्या होतात.

टर्बो सीच्या सवयी

अनेक लॅबमध्ये अजून टर्बो सी शिकवलं जातं. तो 1987 सालचा, डॉसवरचा कंपाइलर आहे. तिथला प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की पहिली एरर कोनिओ.एच नावाच्या हेडरवर येते, कारण ते हेडर सीच्या मानकात नाहीच. ती ओळ काढा, स्क्रीन पुसणारी क्लियर-स्क्रीनची ओळ काढा आणि शेवटचं गेटसीएचही काढा. आउटपुटची खिडकी लगेच बंद होऊ नये म्हणून ते घातलेलं असतं. टर्मिनलवर आउटपुट समोरच राहतं. ‘व्हॉइड मेन’ ऐवजी ‘इन्ट मेन’ लिहा आणि शेवटी 0 परत करा. प्रोग्रॅम संपल्यावर ‘एको $?’ टाइप केलं की परत आलेला आकडा दिसतो. 0 म्हणजे व्यवस्थित. 139 दिसला तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम पडला: 128 अधिक 11 क्रमांकाचा सिग्नल.

या स्थलांतरात सर्वांत फसवा फरक आहे तो इन्टच्या आकाराचा. शेताचा हिशेब घेऊ. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. गुंठे गुणिले 1089 हा साधा प्रोग्रॅम टर्बो सीमध्ये 30 गुंठ्यांना 32670 हे बरोबर उत्तर देतो. 31 गुंठे टाका, उत्तर 33759 यायला हवं, येतं -31777. तिथे इन्ट दोन बाइटचा आहे आणि त्यात 32767 च्या वरचा आकडा मावत नाही, तो उलटून ऋण बाजूला जातो. लिनक्सवर जीसीसीचा इन्ट चार बाइटचा, मर्यादा 2147483647. तोच प्रोग्रॅम तिथे बरोबर चालतो, आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपण काहीतरी दुरुस्त केलं. कुठलंही उत्तर विनाकारण ऋण दिसलं की आधी प्रकाराची मर्यादा तपासा.

आता हाच हिशेब एकरात करू. 40 गुंठ्यांचा एकर. गुंठे इन्ट आहे, एकर फ्लोट आहे, आणि ओळ अशी:

एकर = गुंठे / 40;

30 गुंठे दिले की उत्तर 0.000000. एकर तर फ्लोट घेतला होता, मग पाऊण एकर गेला कुठे? सी आधी उजवी बाजू सोडवतं. तिथे दोन्ही पूर्णांक, म्हणून भागाकारही पूर्णांकात: 30 भागिले 40 बरोबर 0. मग तो 0 फ्लोटमध्ये ठेवला जातो. 40 च्या जागी 40.0 लिहा, 0.750000 मिळेल. या चुकीवर -वॉलही गप्प बसतं, कारण भाषेच्या नियमाने त्यात काही चूक नाही. म्हणून ज्याचं उत्तर हाताने काढता येतं असा एक आकडा प्रत्येक प्रोग्रॅमला आधी देऊन पाहावा.

स्कॅनएफ: सर्वांत जास्त वेळ खाणारी जागा

स्कॅनएफ या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं & विसरणं ही ओळखीची चूक, आणि -वॉल ती लगेच दाखवतं. डबल वाचताना %एफ लिहिणंही तसंच: स्कॅनएफला डबलसाठी %एलएफ लागतं, प्रिंटएफला %एफ चालतं. पण पुढच्या दोन चुका वॉर्निंगमध्ये दिसत नाहीत.

पहिली. आधी %डीने वय विचारलं, मग %सीने ‘हो की नाही’ विचारलं. प्रोग्रॅम दुसऱ्या प्रश्नाला थांबतच नाही. तुम्ही 19 टाइप करून एंटर दाबलंत तेव्हा इनपुटमध्ये तीन गोष्टी गेल्या: 1, 9 आणि एंटरचं न्यूलाइन. %डीने 19 उचलला, न्यूलाइन तिथेच राहिलं. %सीला एक अक्षर हवं होतं, त्याला ते न्यूलाइन मिळालं. उपाय: %सीच्या आधी एक रिकामी जागा सोडा. अवतरणचिन्ह, स्पेस, मग %सी. ती स्पेस मधल्या सगळ्या मोकळ्या जागा आणि न्यूलाइन गिळते. एफफ्लश वापरून इनपुट रिकामं करण्याचा सल्ला टर्बो सीवाल्यांकडून मिळतो. मानकात इनपुटसाठी त्याला अर्थच दिलेला नाही आणि लिनक्सच्या टर्मिनलवर तो उपयोगी पडत नाही.

दुसरी चूक मेन्यूच्या प्रोग्रॅममध्ये दिसते. जमा 1, खर्च 2, बाहेर 3, आणि व्हाइल लूप. वापरणाऱ्याने आकड्याऐवजी अक्षर दाबलं की मेन्यू स्क्रीनवर न थांबता धावत सुटतो. %डीला अक्षर चालत नाही, म्हणून ते उचललं जात नाही; पुढच्या फेरीत तेच अक्षर पुन्हा समोर. स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते परत सांगतं, तो आकडा 1 आहे का हे तपासाच. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे एफगेट्सने पूर्ण ओळ वाचायची आणि एसस्कॅनएफने तिच्यातून आकडा काढायचा. गेट्स मात्र कधीच वापरू नका. किती अक्षरं घ्यायची याची मर्यादा त्याला देताच येत नाही, म्हणून 2011 च्या सी मानकातून ते काढूनच टाकलं आहे.

अक्षरं किती, घरं किती

इंग्रजी लिपीत ‘सांगली’ लिहायला सहा अक्षरं लागतात, ‘सातारा’ लिहायलाही सहाच. पण कॅरॅक्टर अॅरे सातचा हवा, कारण शेवटी शून्य-बाइट बसतो आणि स्ट्रिंग संपली हे प्रिंटएफला त्यावरूनच कळतं. सहाचा अॅरे घेऊन जाहीर करतानाच त्यात गावाचं नाव ठेवलंत, तर सीच्या नियमाप्रमाणे ते वैध आहे. फक्त शून्य-बाइट वगळला जातो, आणि नावापुढे कचरा छापला जाऊ शकतो. तेच नाव देवनागरीत ठेवायचं असेल तर हिशेब बदलतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, अनुस्वार हीही वेगळी चिन्हं. ‘सांगली’ म्हणजे स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी: सहा चिन्हं, 18 बाइट. स्ट्रलेन 18 सांगेल आणि अॅरे 19 चा लागेल. मराठी नावं घेणारा प्रकल्प करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं.

दोन स्ट्रिंग == ने तुलना करू नका, त्याने फक्त पत्ते तपासले जातात. स्ट्रकंप वापरा, आणि सारख्या असल्या की ते 0 देतं हे विसरू नका.

अॅरेच्या हद्दीबाहेर लिहिलं तरी सी लगेच ओरडत नाही. 12 महिन्यांचा अॅरे आणि लूपमध्ये <= 12 असं असलं तर कधी प्रोग्रॅम पडतो, कधी शेजारचं व्हेरिएबल बदलतं, कधी काहीच होत नाही. कंपाइल करताना -एफसॅनिटाइझ=अॅड्रेस हा पर्याय जोडा; हद्द ओलांडली त्या क्षणी प्रोग्रॅम थांबतो आणि -जी दिलेलं असल्याने ओळ क्रमांकही सांगतो. नुसता सेगमेंटेशन फॉल्ट असेल तर ‘जीडीबी ./हिशेब’, मग ‘रन’, पडल्यावर ‘बीटी’. कुठल्या फंक्शनच्या कुठल्या ओळीवर पडला ते समोर येतं.

शोधण्यासाठी मध्येमध्ये प्रिंटएफ घालत असाल तर शेवटी \एन द्याच. टर्मिनलवरचं आउटपुट ओळ पूर्ण होईपर्यंत बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहतं. प्रोग्रॅम पडला की ते बफरसकट जातं. छापलं गेलं नाही म्हणून ‘इथपर्यंत पोचलाच नाही’ असं वाटतं आणि चूक भलत्याच ठिकाणी शोधली जाते.

टर्मिनलवर

तयार झालेला प्रोग्रॅम नुसत्या नावाने चालत नाही, कारण चालू डिरेक्टरी पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे प्रोग्रॅम शोधतं त्या डिरेक्टरींच्या यादीत, नसते. ‘./हिशेब’ असं लिहा. प्रोग्रॅमचं नाव ‘टेस्ट’ ठेवू नका: त्या नावाची कमांड शेलमध्येच आहे, ती चालते आणि काहीही न छापता संपते. वर्गमूळ काढताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आलं तर ती लिंकरची तक्रार आहे. हेडर दिलं, पण गणिताची लायब्ररी जोडली नाही. कमांडच्या अगदी शेवटी -एलएम द्या, सोर्स फाइलच्या आधी नको.

आरएमने उडवलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. सर्वांत वाईट चूक एका स्पेसची. ‘आरएम *.ओ’ ने ऑब्जेक्ट फाइल जातात, पण ‘आरएम * .ओ’ ने, म्हणजे * नंतर स्पेस पडली की, डिरेक्टरीतल्या सगळ्याच फाइल जातात. शंका असेल तर आधी आरएमच्या जागी एलएस लिहून यादी पाहा, किंवा -आय द्या, म्हणजे प्रत्येक फाइलला विचारून पुसलं जाईल. एमव्ही (फाइल हलवणं, नाव बदलणं) आणि सीपी (कॉपी करणं) यासुद्धा त्याच नावाच्या जुन्या फाइलवर न विचारता लिहितात.

> या चिन्हाची गंमत नीट समजून घ्या. मार्केट यार्डातल्या राजापुरी हळदीचे दर एका फाइलमध्ये आहेत आणि ते क्रमाने लावायचे आहेत. ‘सॉर्ट दर > दर’ असं लिहिलंत की फाइल रिकामी होते. शेल आधी > च्या पुढची फाइल कोरी करतं आणि मग सॉर्ट सुरू करतं. सॉर्टला वाचायला काही उरत नाही. ‘सॉर्ट -एन -ओ दर दर’ हे सुरक्षित. त्यातलं -एनही गरजेचं, नाहीतर शब्दकोशाच्या क्रमाने 15200 हा 9800 च्या आधी येतो.

अडकलेला प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी. कंट्रोल-झेडने तो थांबत नाही, मागे झोपून राहतो. ‘जॉब्ज’ने यादी पाहा, ‘एफजी’ने पुढे आणा, मग बंद करा. व्हीआय या एडिटरमध्ये विंडोजच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं आणि स्क्रीन गोठली तर खिडकी बंद करू नका, काम जाईल. कंट्रोल-क्यू दाबा. सेव्ह करून बाहेर पडायला एस्केप, मग :डब्ल्यूक्यू.

पेनड्राइव्हवरच कंपाइल करून ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर सीएचमॉड 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणं) आणि सुडोचा (अॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवण्याचा) मारा करू नका. उबुंटूवर फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हमधल्या फाइलला चालवण्याची परवानगी मिळत नाही, आणि त्या फाइल सिस्टिममध्ये युनिक्सच्या परवानग्या साठवायला जागाच नसल्याने सीएचमॉडने काही बदलत नाही. सोर्स होम डिरेक्टरीत कॉपी करा, तिथे कंपाइल करा, तास संपताना फक्त .सी फाइल पेनड्राइव्हवर परत न्या आणि ‘अनमाउंट’ करूनच काढा.

फंक्शनची माहिती हवी असेल तर ‘मॅन 3 प्रिंटएफ’. नुसतं ‘मॅन प्रिंटएफ’ केलं तर शेलच्या प्रिंटएफ कमांडचं पान उघडतं. 1 क्रमांकात कमांड, 2 मध्ये सिस्टिम कॉल, 3 मध्ये सीची फंक्शनं. कुठलं हेडर लागतं ते पानाच्या वरच्या भागात, काय परत मिळतं ते ‘रिटर्न व्हॅल्यू’ खाली. बाहेर पडायला क्यू.